पोटातला वार्ताहर

सहा वर्षं मी नगरच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या कापणारा, सरळ करणारा आणि वर मथळा ठेवणारा माणूस. मला व्हायचं होतं जिल्हा प्रतिनिधी. जिल्हा प्रतिनिधी एसटीने हिंडतो, सभा ऐकतो, धरणावर जातो, माणसांना भेटतो. मला यातलं काही जमण्यासारखं नव्हतं, कारण माझं पोट दुखायचं.

दुखणं डाव्या बाजूला, बेंबीखाली चार बोटं. आधी मुरडा, मग कळ, मग आता ताबडतोब उठून जावं लागणार अशी खात्री. ही खात्री बहुतेक वेळा खोटी निघे, पण खरी कधी निघेल ते आधी कळत नसे. केडगावहून ऑफिसला येताना सिटी बसच्या वाटेवर कुठं उतरलं तर कुठं जाता येईल, हे मला पाठ होतं. एक पेट्रोल पंप, एक मंगल कार्यालय आणि एका मित्राच्या सासऱ्यांचं घर. त्या सासऱ्यांची अशी समजूत होती की मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी आहे.

तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. रक्त, शौच, सोनोग्राफी, बेरियम पाजून काढलेला एक्स-रे. सगळं नॉर्मल. घरी या बातमीचं स्वागत थंडपणे झालं.

“काहीच निघालं नाही?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“खडा? सूज?”

“नाही.”

“मग इतके दिवस दुखतंय ते कुणाचं?”

खरं सांगायचं तर मीही जरा निराश झालो होतो. पुरावा नसलेली बातमी मी स्वतः कधी छापली नसती.

ऑफिसात आमचे मुद्रितशोधक साठीला टेकलेले होते आणि त्यांच्या खणात ओवा, हिंग आणि लाल शाईची बाटली एकत्र नांदत. ते मला ओवा देत आणि निदानही करत. “अरे, उपसंपादकाचं पोट दुखणारच. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं गिळायचं, आणि वर पाणीसुद्धा प्यायला वेळ नाही.”

शेवटी मी शहरातल्या एका जुन्या फिजिशियनांकडे गेलो. त्यांनी सगळे रिपोर्ट शांतपणे पाहिले, एकावर एक रचले, आणि मला कॉटवर झोपायला सांगितलं. डाव्या बाजूला दोन बोटांनी दाबलं.

“दुखतंय?”

“हो. तिथंच.”

“दहापैकी किती?”

“सहा.”

“बरं. आपल्या जिल्ह्यात तालुके किती?”

“तेरा.” चौदावा तेव्हा झालेला नव्हता.

“मोजून सांगा.”

प्रश्न विचित्र होता, पण सोपा वाटला. तालुक्यांच्या वार्ताहरांचे लखोटे एसटीने ज्या क्रमाने स्टँडवर येत, त्या क्रमाने मी म्हणू लागलो. कोपरगाव, संगमनेर, अकोले, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि नगर.

“बारा झाले,” डॉक्टर म्हणाले.

मी पुन्हा उत्तरेकडून सुरुवात केली. पुन्हा बारा. जिल्ह्याच्या बातम्या रोज हाताखालून जाणाऱ्या माणसाला तेरावा तालुका सापडू नये, ही शरमेची गोष्ट होती. मी छताच्या पंख्याकडे बघत सगळा नकाशा चाचपला.

“जामखेड!” मी जवळजवळ ओरडलोच. जामखेडच्या वार्ताहराचा लखोटा आठवडाभर आला नव्हता, त्यामुळे तालुकाच डोक्यातून गेला होता.

“जामखेड,” डॉक्टर म्हणाले. “आता हात बघा माझा.”

हात तिथंच होता. दोन बोटांऐवजी चार बोटं, आणि मघापेक्षा खोल.

“दुखलं?”

मी आठवून पाहिलं. दुखल्याचं आठवत नव्हतं. पण त्यांनी विचारताक्षणी दुखायला लागलं, आणि तेही मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं.

“हेच,” असं म्हणून ते हात धुवायला गेले. पुसता पुसता बोलत राहिले. “दुखणं खोटं नाही. खोटं म्हणेल त्याला माझ्याकडे पाठवा. आतडं चिडकं आहे तुमचं, आय.बी.एस. म्हणतात याला. आतड्याकडून मेंदूकडे दिवसभर निरोप जात असतात. गॅस सरकला, अन्न पुढे गेलं, जरा ताण पडला. सगळ्यांचेच जातात. मेंदू त्यातलं बहुतेक वरच्यावर टाकून देतो. तुमच्या आतड्याचा आवाज मुळात जरा मोठा, आणि त्यात तुमचा मेंदू तिकडं कान लावून बसलाय. कान लावला की आवाज वाढतो. आवाज वाढला की माणूस घाबरतो. घाबरला की आणखी कान लावतो.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे ते टेलिप्रिंटर का काय असतं ना? त्यावर येतं तेवढं सगळं छापता?”

“छे. थोडंसंच.”

“बाकीचं?”

“टोपलीत.”

“मग मी तुम्हाला वेगळं काय शिकवणार?”

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक काम सांगितलं. दोन आठवडे नोंद ठेवायची. दुखलं की वेळ लिहायची, काय खाल्लं होतं, काय चाललं होतं आणि दहापैकी किती. मी खूश झालो. नोंद ठेवणं हा माझा धंदाच होता. चूक तिथंच झाली.

आमच्या ऑफिसात रोज दुपारी चार वाजता फोनफेरी असे. मुख्य उपसंपादक तालुक्यांच्या वार्ताहरांना एकेक करून फोन लावत आणि एकच प्रश्न विचारत, “काही विशेष?” बहुतेक दिवशी विशेष काही नसे. पण नगरहून खास फोन आल्यावर “काही नाही” म्हणणं म्हणजे आपल्या तालुक्याची नाचक्की, असं प्रत्येक वार्ताहराला वाटे. त्यामुळे काहीतरी निघायचंच. दोन एसटी गाड्या समोरासमोर आल्या, थोडक्यात वाचल्या. शाळेच्या छपरावर मोर बसला, मुलांनी पाहिला. एकाने तर एकदा सांगितलं होतं की आज तालुक्यात कडकडीत शांतता आहे, आणि तेवढ्यावर चार ओळी छापूनही आल्या. ज्यांना फोन लागत नसे त्या तालुक्यांत काहीही घडत नसे.

मी माझ्या पोटासाठी फोनफेरी सुरू केली. मनगटावरचं डिजिटल घड्याळ दर तासाला टिट् करायचं. सकाळी सातपासून रात्री नवापर्यंत, टिट् झालं की मी हातातलं काम थांबवून पोटाला विचारायचो, काही विशेष? आणि उत्तर वहीत लिहायचो. वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसाच्या काही नोंदी अशा:

“८.००. डावीकडे किंचित हालचाल. दोन.

९.००. हालचाल कायम. तीन. कारण समजू शकले नाही.

१०.००. सिटी बसमध्ये उभा. पाच. परिस्थिती नियंत्रणात.

११.००. उजवीकडेही लोण. चार. सविस्तर वृत्त हाती यायचे आहे.”

दहाचा आकडा मी दोन आठवड्यांत एकदाही वापरला नाही. सर्वांत मोठा टाइप आम्ही युद्धासाठी राखून ठेवत असू.

दुसऱ्या आठवड्यात दोन आणि तीन हे आकडे वहीतून नाहीसे झाले. सगळा कारभार पाच-सहावर चालू झाला. बायको रोज सकाळी चहा देताना “आज कसंय?” विचारायची, तेव्हा मी घड्याळात बघून “अजून सात वाजायचेत” असं उत्तर देऊ लागलो.

“पूर्वी दिवसातून दोनदा दुखायचं,” ती म्हणाली. “आता टाइमटेबल लागलंय.”

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी वही उघडली. चारपाच पानं वाचली, मग मागून पुढे उलटली.

“हे रोज, दर तासाला दुखतं?”

“दर तासाला पाहिलं.”

“पाहिलं म्हणजे?”

“विचारलं.”

“कुणाला?”

“पोटाला.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी म्हणालो होतो, दुखलं तर लिहा. ते आपण होऊन सांगायला आलं तर. तुम्ही विचारायला कशाला गेलात?”

“सवय,” मी म्हणालो आणि त्यांना फोनफेरीची पद्धत सांगितली. मोराचं सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. कडकडीत शांततेपर्यंत आलो तेव्हा कंपाउंडरने दार उघडून आत डोकावलं.

“रोज फोन केलात तर तो रोज बातमी देणारच,” ते डोळे पुसत म्हणाले. “बिचाऱ्याचा काय दोष? फोन बंद करा.”

फोन बंद करणं सांगायला सोपं होतं. मी घड्याळ काढून ठेवलं. मग किती वाजले असतील असा विचार येई, आणि त्यामागोमाग पोट. लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, तर आपण लक्ष देत नाही ना याकडे लक्ष ठेवावं लागे, आणि त्यासाठी मधूनमधून तिकडं बघून यावं लागे. हे मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “लक्ष नुसतं उचलता येत नाही. कुठंतरी ठेवावं लागतं. जागा बघा.” गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. जागा कोणती ते सांगितलं नाही.

त्याच सुमारास आमचे जिल्हा प्रतिनिधी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात गेले. संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते.

“जागा रिकामी झालीय. तुम्हाला हवीय, हे मला माहीत आहे. तुमच्या पोटाचंही माहीत आहे, सगळ्या ऑफिसला माहीत आहे. सोमवारी कारखान्याची मतमोजणी आहे. ती तुम्ही करा. पहिल्या मतपत्रिकेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत आत बसायचं. जमलं तर जागा तुमची. मधेच उठून आलात तर हा विषय पुन्हा माझ्याकडे काढायचा नाही.”

“हो साहेब,” मी म्हणालो. पोटानेही काहीतरी म्हटलं.

आमच्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावून सांगणं कठीण. घराघरात दोन तट पडतात, सोयरिकी थांबतात, आणि निकालाच्या दिवशी तालुक्याच्या गावात चहाची गाडीसुद्धा कुणाच्या बाजूची आहे ते बघून माणसं चहा पितात. या वेळी सत्ताधाऱ्यांची निशाणी कपबशी होती आणि विरोधकांची छत्री. जागा सतरा.

सोमवारी पहाटे बायकोने दहीभाताचा डबा दिला.

“अहो, जमेल ना?”

“बघू.”

“बघू नका. तेवढंच करू नका.”

तारकपूर स्टँडवरून एसटी पकडली. वाटेत दोनदा कळ आली. आठच्या आधी मी मोजणीच्या गोदामापाशी पोचलो. दारात एक हवालदार पास बघत होता. मी पास दाखवला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला.

“मधे बाहेर जायचं झालं तर?”

“भाईर गेलं की परत आत न्हाई, साहेब. लई कडक आर्डर हाय.”

“लघवीला वगैरे?”

“ते मागं हाय, पन भाईर. म्हंजे भाईरच झालं की वो.” त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. “आत्ताच जाऊन या की मग.”

मी जाऊन आलो. पुन्हा एकदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा हवालदार म्हणाला, “साहेब, तुमी हुबं हाय का निवडनुकीला?”

आत गेल्यावर मी दाराजवळची खुर्ची पकडली. गोदामात साखरेच्या पोत्यांचा वास होता, लांबच लांब टेबलं होती, आणि जाळीच्या पलीकडे दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी मान लांब करून उभे होते. पहिले दोन तास वाईट गेले. कर्मचारी मतपत्रिका पेट्यांतून काढून सरळ करत होते, बघण्यासारखं काही नव्हतं, आणि रिकाम्या बसलेल्या माणसाला पोट हा एकच शेजारी. वहीत नोंद आहे: “९.१०. सहा. ९.२५. सहा. ९.४०. सात.” सात हा माझा विक्रम होता. मी दाराकडे पाहिलं. हवालदारानेही माझ्याकडे पाहिलं. त्याने भुवया उंचावल्या, म्हणजे येताय का? मी मान हलवली, म्हणजे अजून नाही.

मग पहिली फेरी सुरू झाली. मतपत्रिका तीन ढिगांत पडू लागल्या. सगळे शिक्के कपबशीवर असलेल्या एका बाजूला, सगळे छत्रीवर असलेल्या दुसऱ्या बाजूला आणि दोन्हीकडे शिक्के मारलेल्या मधे. प्रत्येक ढिगाचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे. निवडणूक अधिकारी फक्त फेरीची बेरीज जाहीर करत होते, गठ्ठे सांगत नव्हते. म्हणून मी वहीत स्वतःचा तक्ता आखला आणि गठ्ठे मोजू लागलो. गठ्ठा बांधला की एक रेघ.

एका मतदाराने सगळ्या नावांवर काट मारून खाली पेनने लिहिलं होतं, “माझा ऊस अजून शेतात उभा आहे.” ती मतपत्रिका बाद करताना अधिकाऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. जाळीच्या पलीकडून कुणीतरी ओरडलं, “वाचू नका, ऊसतोड द्या त्याला!” दोन्ही बाजू हसल्या. तेवढाच त्या दिवशीचा एकोपा.

पाचव्या फेरीला माझा तक्ता जुळेना. पेट्यांतून निघालेल्या मतपत्रिका आणि जाहीर झालेली बेरीज यांत पंचवीसचा फरक होता. मी रेघा पुन्हा मोजल्या. बाद वेगळ्या धरून पाहिल्या. पुन्हा पंचवीस. वार्ताहराने मोजणीत बोलायचं नसतं, प्रश्न मात्र विचारता येतो. मी उठून अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेलो.

“साहेब, या फेरीत एक गठ्ठा कमी आहे का?”

हे वाक्य मी हळू आवाजात बोललो होतो. जाळीपर्यंत ते पोचायला दोन सेकंद लागले. कपबशीवाले म्हणाले, छत्रीवाल्यांनी पळवला. छत्रीवाले म्हणाले, पळवायची सवय कुणाला आहे ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. जाळी हलू लागली. हवालदार दार सोडून आत आला. म्हणजे दार उघडं होतं, बाहेर जाऊन परत यायला कुणीही अडवलं नसतं. ही गोष्ट माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली.

सगळी टेबलं तपासली गेली. पेट्या उलट्या करून दाखवल्या गेल्या. अधिकाऱ्यांनी घाम पुसून चहाचा कप उचलला, आणि मला ट्रेखाली कागदाची कड दिसली.

“ट्रे,” मी म्हणालो.

गठ्ठा ट्रेखाली होता. चहावाल्याने ठेवलेल्या ट्रेला टेबलावर तेवढीच एक सपाट जागा मिळाली होती. छत्रीचा गठ्ठा आणि त्याच्यावर सहा कपबश्या, हे पाहून विरोधकांनी जो गलका केला तो थांबायला वेळ लागला. मग पुन्हा सहावी, सातवी, आठवी. माझा तक्ता आता अधिकारीही मागून बघू लागले होते. साडेसहाला शेवटचा आकडा जाहीर झाला. कपबशी अकरा, छत्री सहा.

मी बाहेर पडलो तेव्हा हवालदार गुलाल झटकत होता. “बसला की वो दिवसभर!” तो म्हणाला. दहीभाताचा डबा तसाच होता.

एसटीडी बूथवरून ऑफिसला आकडे सांगितले. संपादक स्वतः फोनवर आले.

“आकडे पक्के?”

“पक्के.”

“मधे बाहेर गेलात?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. जिल्हा प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली ती या “बरं”ने. टाइप केलेला कागद नंतर आला.

घरी पोचल्यावर बायकोने दारातच विचारलं, “कोण आलं?” तिचं माहेर त्याच तालुक्यातलं. मी चप्पल न काढता गठ्ठ्याची हकीकत सांगितली, ट्रेसकट. ती हसून बेजार झाली. जेवण वाढताना तिला आठवण झाली.

“आणि पोट?”

त्याच क्षणी डावीकडे, चार बोटं खाली. तीन.

“तू विचारलंस म्हणून,” मी म्हणालो. त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. दुखणं बंद झालं नाही. पुढे जिल्हाभर हिंडताना कधी दोन असे, कधी चार, एकदा शिर्डीच्या रस्त्यावर बस बंद पडली तेव्हा सहा. ते येत राहिलं. मी फोन करत नव्हतो एवढंच.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सोमवारचं पान काढलं. ९.१०, ९.२५, ९.४०. त्यानंतर पान रेघांनी भरलं होतं.

“हे काय?”

“गठ्ठे.”

“आणि पोट?”

आम्ही दोघांनी मिळून शोधलं. चौथ्या पानावर, पाचव्या फेरीच्या वरच्या बाजूला एक ओळ सापडली. “२.००. डावीकडे” एवढंच. पुढे पेन उचललेलं होतं आणि खाली लगेच रेघा सुरू होत्या.

“डावीकडे काय?”

“आठवत नाही.”

डॉक्टर मान हलवत पानं चाळू लागले. एका ठिकाणी थांबले. खिशातून पेन काढून त्यांनी माझी बेरीज स्वतः करून पाहिली.

“हे पंचवीस कुठं गेले होते?”

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर बाकावर बसलेला पेशंट दोनदा खोकला, मग कंपाउंडर येऊन उभा राहिला, आणि ट्रेपर्यंत आल्यावर तोही आत येऊन दाराला टेकला. त्या दिवशी कॉटवर झोपायला मला कुणी सांगितलं नाही. पोट तपासायचं राहिलं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझी बस केडगावच्या वेशीत शिरत होती.